स्पॅनिशशी सोयरीक

स्पॅनिश शिकायला काय काय लागतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो कारंजा गावाजवळच्या एका संत्र्याच्या बागेत. तोवर माझ्या स्पॅनिशपायी दोन झाडं कामातून गेली होती, म्हणजे प्रश्न जरा उशिराच पडला.

बाग माझ्या मावसांची. हायवेपासून इतकी जवळ की ट्रकचा हॉर्न ऐकून मावसा सांगतात, हा नागपूरकडून आला की अमरावतीकडून. ते खरं असतं की नाही हे तपासायला आजवर कोणी बांधावरून उठलेलं नाही. एका दुपारी त्यांनी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. गवताची टोपी घातलेला एक गोरा म्हातारा, हातात करवत, समोर संत्र्याचं झाड, मागे भुंकणारा कुत्रा. म्हातारा झाड कापत होता आणि अखंड बोलत होता.

"तू बी.ए. करून राह्यला ना? इंग्रजी घेतलं ना?" मावसा म्हणाले. "सांग मंग, काय म्हणून राह्यला हा गडी."

मला आधी वाटलं, इंग्रजीच आहे, फक्त घाईत बोलतोय. हे इंग्रजी नाही असं ध्यानात येईपर्यंत मी "तो म्हणते..." अशी सुरुवात करून बसलो होतो. सुरुवात केल्यावर मागे फिरणं मला जमत नाही. म्हाताऱ्याच्या हातवाऱ्यांकडे बघत मी सांगून टाकलं, "मधल्या जाड फांद्या काढा म्हणते. उन्हाले आत जाऊ द्या म्हणते."

"एवढा वेळ बोलला अन् एवढंच?"

"बाकी नमस्कार-चमत्कार आहे, मावसा."

मावसा सावध माणूस. सगळी बाग न कापता त्यांनी नमुन्याला दोनच झाडं कापली. पुढचा बहार आला तेव्हा बागेत सगळीकडे पांढरी फुलं आणि तो गोड वास, आणि मध्ये ही दोन झाडं विजेच्या खांबांसारखी उभी. मावसा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. पाहुणे आले की त्यांना बाग दाखवत त्या दोन झाडांपाशी आणायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "हे विदेशी पद्धत आहे. आमच्या पोरानं आणली."

लाज वाटलीच. पण लाजेपेक्षा मोठं एक कुतूहल डोक्यात शिरलं, आणि ते काही केल्या निघेना. तो म्हातारा खरंच काय म्हणत होता? व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की कुत्रा कुठे भुंकणार हे मला पाठ झालं. फोनवरच्या यंत्राकडून मराठी करून घेतलं, तर त्यात झाड कुठेच नव्हतं, न्यायालय मात्र पुन्हा पुन्हा येत होतं. ती भाषा स्पॅनिश आहे एवढं कळलं, आणि मी उन्हाळाभर फोनवरून स्पॅनिश शिकू लागलो. पुलगावच्या आमच्या गल्लीत मी सकाळी दूधवाल्याला स्पॅनिशमध्ये नमस्कार करायचो. तो घाबरून जास्तीचं माप घालायचा.

मग एक विद्यापीठ सापडलं. आमच्यापासून लांब, दक्षिणेत. तिथे पदवीनंतर स्पॅनिश आणि अनुवाद असा एकत्र अभ्यासक्रम होता. प्रवेशाला काय लागतं ते मी घरच्या जेवणाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणत्याही शाखेची पदवी. इंग्रजीचं चांगलं ज्ञान. प्रवेश परीक्षा. मुलाखत. आणि शेवटी एक ओळ: स्पॅनिशचं पूर्वज्ञान आवश्यक नाही.

"म्हणजे उन्हाळा फुकट गेला," बाबा म्हणाले.

मी ती ओळ पुन्हा वाचली. विद्यापीठवाल्यांना स्पॅनिश नकोच होतं, ते स्वतः पहिल्या अक्षरापासून शिकवणार होते. त्यांना हवं होतं ते वरच्या ओळीत होतं, जी मी घाईत गिळली होती: मातृभाषेवर उत्तम प्रभुत्व. आता ही मातृभाषा कोणती? घरी आम्ही बोलतो ती वऱ्हाडी. शाळेत लिहिली ती मराठी. लष्कराच्या डेपोतल्या नोकरदारांच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळताना भांडलो ती हिंदी. या तिन्हींत मला काय काय येतं याचा मी पहिल्यांदा विचार केला, आणि लक्षात आलं की उत्तम असं मला या तिन्ही भाषांत फक्त भांडता येतं.

बाबांचा स्पॅनिशला विरोध होता असं म्हणता येणार नाही. स्पॅनिश त्यांना दिसतच नव्हतं. ते बाजार समितीत कारकून. पोरानं बी.एड. करावं, जिल्ह्यात कुठेतरी शाळा धरावी, एवढं साधं चित्र. शेवटी त्यांनी एक अट घातली. "या वर्षी लागला नंबर तर जाय. नाई लागला तर गुपचाप बी.एड. अन् मंग ह्या स्पॅनिशचं नाव माह्या घरात नाई." मी कबूल झालो. कबूल होण्यावाचून माझ्याजवळ होतंच काय?

बाबांची खरी ओळख मात्र बाजार समितीची नाही. सोयरीक जमवणारा माणूस म्हणून ते पुलगावपासून समुद्रपूरपर्यंत माहीत आहेत. त्यात त्यांना मिळत काही नाही, जेवण आणि टोपी-उपरणं सोडलं तर. पण कुठे बोलणी अडली की फोन येतो आणि बाबा स्कूटर काढतात. कॉलेजात असताना मागच्या सीटवर मीच असायचो, कारण त्यांना एकट्यानं स्कूटर चालवायचा कंटाळा आणि मला पाहुण्यांकडच्या चिवड्याची ओढ.

गिरडच्या बैठकीची गोष्ट सांगतो. मुलीकडचे बाहेरच्या खोलीत, मुलाकडचे आत, आणि मध्ये फिरणारे बाबा. मुलाचा काका म्हणाला, "पोरीच्या बापाले बोलायची अक्कल नाई." बाबा बाहेर आले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "तुमचा मोकळा स्वभाव आवडला म्हणतात." मुलीचे वडील म्हणाले, "पोरगं आल्यापासून मोबाईलात तोंड खुपसून बसलं, माणूस आहे का बैल?" बाबा आत गेले आणि म्हणाले, "पोरगा मान वर करत नाई, मर्यादेचा दिसते, असं म्हणून राह्यले." महिन्याभरात साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला. आज त्या दोघांचा संसार नीट चालला आहे, काका आणि सासरे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

परत येताना स्कूटरवर मी विचारलं होतं, "बाबा, हे खोटं नाई का?"

"खोटं काऊन? दोघाइले लग्न करायचं होतं का नाई? तेच मी इकडून तिकडे नेलं. बाकीचा कचरा रस्त्यात सांडला."

मला हे फार पटलं. इतकं पटलं की पुढे मला अनुवाद म्हणजे हेच वाटू लागलं. मी मनातल्या मनात स्वतःला अर्धा अनुवादक समजत होतो आणि उरलेला अर्धा विद्यापीठानं करून द्यायचा, असा हिशेब होता.

प्रवेश परीक्षा पार पडली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मी पास झालो, याचं घरात माझ्यासकट सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मुलाखत ऑनलाइन होती. आमच्या घरात नेटवर्क फक्त पुढच्या खोलीत येतं, आणि ती खोली त्या वेळी बाबांची असते. त्यांनी हलायला नकार दिला. "मी पेपर वाचतो. तुह्या मुलाखतीत माह्यं काय काम?" मी आईच्या शिलाई मशीनवर पिठाचा डबा ठेवला, डब्याला फोन टेकवला आणि वर शर्ट, खाली घरातला पायजमा अशा वेशात बसलो. बाबा कॅमेऱ्याच्या बाहेर, माझ्या उजव्या हाताला.

फोनवर दोघं दिसले. एक मॅडम, स्पॅनिश शिकवणाऱ्या, त्यांना मराठी येत होतं. एक सर, दक्षिणेकडचे, त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. बोलणं इंग्रजीत. स्पॅनिशच का, असं सरांनी विचारलं. मी संत्र्याच्या झाडांची गोष्ट सांगितली, फक्त झाडं कोणी कापायला लावली हे मोघम ठेवलं. दोघांना गंमत वाटलेली दिसली, आणि मला वाटलं, जमलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता एक छोटासा प्रयोग करू. सर घरमालक आहेत, त्यांना इंग्रजीच येतं. मी भाडेकरू, मला मराठीच येतं. तुम्ही मधले. आम्ही भांडणार आहोत."

माझ्या अंगात एकदम बाबा संचारले.

मॅडम मराठीत म्हणाल्या, "यांना सांगा, हे लबाड आहेत. तीन महिने नळ गळतो आहे आणि हे फोन उचलत नाहीत." मी सरांना इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, नळाबाबत थोडा गैरसमज झाला आहे. तुम्ही कामात असता हे त्यांना कळतं." सर इंग्रजीत उसळले, "सांगा तिला, असली कटकटी बाई माझ्या घरात पुन्हा नको." मी मॅडमना म्हणालो, "सर म्हणतात, तुम्ही घराकडे फार बारकाईनं लक्ष देता." मॅडमनी आणखी एक शिवी पाठवली, मी तिचं आभारप्रदर्शन केलं. चार-दोन फेऱ्यांत भांडण मिटलं. घरमालक नळ दुरुस्त करायला तयार झाला, आणि करारही वाढवून मिळाला.

मी प्रसन्न होऊन दोघांकडे पाहिलं. सर अजून भांडायच्या तयारीत होते, त्यांना समोर कोणी सापडत नव्हतं.

मॅडम शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "मी त्यांना लबाड म्हटलं होतं. ते कुठे गेलं?"

"त्यानं काम बिघडलं असतं, मॅडम."

"कोणाचं काम?"

मॅडम पुढे म्हणाल्या, "उद्या तुम्ही कोर्टात उभे असाल, दवाखान्यात उभे असाल. डॉक्टर म्हणतील, आजार गंभीर आहे. तुम्ही काय सांगाल? तब्येत जरा नाजूक आहे? ज्याचे शब्द आहेत त्याचे ते त्याच्याच मापात पोचले पाहिजेत. तुम्हाला ते आवडले की नाही, हा प्रश्नच नाही."

मला वाटलं, संपलं. डोळ्यांपुढे बी.एड.चा फळा आणि खडू आला. तेवढ्यात सरांनी कुतूहलानं विचारलं, "पण तुम्ही हे इतक्या सफाईनं केलंत. कुठे शिकलात?"

"बाबांकडून," मी म्हणालो. आणि कशासाठी कोण जाणे, मान उजवीकडे वळली.

"ते आहेत का तिथे?"

पेपरची घडी झाल्याचा आवाज आला. बाबांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात बसले. बैठकीत बसतात तसेच, दोन्ही हात गुडघ्यांवर. सर मला इंग्रजीत म्हणाले, "यांना विचारा, मुलानं इथे यावं असं त्यांना वाटतं का." बाबांना कागदावरचं सरकारी इंग्रजी समजतं, बोललेलं नाही. मी विचारलं, जसंच्या तसं.

बाबांनी घसा साफ केला.

"नमस्कार सर, नमस्कार मॅडम. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. पोरगं वाईट नाई. पण जे येत नाई ते येते म्हणायची याले खोड आहे. माह्या साडभाऊची संत्र्याची दोन झाडं याच्यापायी गेली. हे स्पॅनिश किती दिवस टिकन ते मी सांगू शकत नाई. पहिले याले तबला शिकायचा होता. मंग कॅमेरा. तबला माळ्यावर आहे. बाकी तुमची मर्जी."

आणि हात पुन्हा गुडघ्यांवर.

सर माझ्याकडे बघत होते. मॅडमना सगळं समजलं होतं आणि त्याही माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, खरंच तयार होतं, आणि झकास होतं: वडील म्हणतात, मुलगा आत्मविश्वासू आहे, त्याला शेतीत रस आहे, संगीत आणि छायाचित्रण हे त्याचे छंद आहेत. सरांना काही कळलं नसतं. पण मॅडम होत्या. शिवाय मला एक चमत्कारिक उत्सुकता वाटली. हे सगळं स्वतःच्या तोंडून, स्वतःविरुद्ध, दुसऱ्या भाषेत म्हटलं तर कसं वाटतं?

म्हणून पाहिलं. "माझे वडील म्हणतात, मुलगा वाईट नाही. पण जे येत नाही ते येतं म्हणायची त्याला..." खोड या शब्दापाशी मी अडलो. सवय म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं, पण सवय चांगलीही असते. वाईट सवय म्हटलं. तेही कमी वाटलं, म्हणून जुनी वाईट सवय म्हटलं. झाडं सांगितली, आणि ती कोणामुळे गेली तेही. स्पॅनिश टिकेल याची खात्री देता येत नाही, हे सांगितलं. तबला सांगितला, कॅमेरा सांगितला. "तबला माळ्यावर आहे" हे सांगताना कान तापले होते, पण एक विचित्र मोकळेपणाही होता. हे माझं बोलणंच नव्हतं. मी फक्त आणून देत होतो.

सर मोठ्यानं हसले. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "माळाही सोडला नाहीत." बस, एवढंच. फोनचा पडदा काळा झाला.

बाबा माझ्याकडे वळले. "ते सर हसले काऊन?"

"तुम्ही बोलले त्याच्यावर."

"तू काय सांगितलं त्याइले?"

"तुम्ही बोलले तेच."

"सगळं?"

"सगळं."

"तबला?"

"तबला बी."

बाबा खुर्चीत मागे टेकले. इतका हताश चेहरा मी त्यांचा बैठक मोडल्यावरही पाहिला नव्हता.

"अबे, तू नीट करून सांगशील म्हणून बोललो ना मी तसं. बापानं कडक बोलायचं, मधल्यानं गोड करायचं, मंग समोरच्याले वाटते बाप पोराची खोटी तारीफ करून राह्यला नाई, माणूस भरवशाचा आहे. एवढे वर्षं माह्या मागं बसून हिंडला, अन् चिवडाच खाल्ला फक्त?"

"म्हणजे माझा नंबर लागावा असं तुम्हाले वाटत होतं?"

"मले काही वाटत नव्हतं," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला. पण पुढचे कितीतरी दिवस रोज संध्याकाळी ते विचारायचे, "तिकडून काही निरोप?" अगदी मुलीकडच्यांच्या होकाराची वाट बघावी तसं. बी.एड.च्या अर्जाची तारीख जवळ येत होती. तो अर्ज भरला का, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

यादी लागली. ती खालून वर वाचली तर माझं नाव लवकर सापडायचं. बाबांनी आधी मावसांना फोन लावला. "जमलं," ते म्हणाले. "मी स्वतः बोललो होतो त्याइच्याशी."

तिथे आम्हाला खरोखरच पहिल्या अक्षरापासून शिकवलं. माझ्या उन्हाळ्यातलं स्पॅनिश उतरवायलाच पहिला महिना गेला. दिवाळीनंतर एका रविवारी होस्टेलच्या गच्चीवर बसून मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. टोपीवाला म्हातारा बोलायला लागला, आणि मला तो कळला. सगळा नाही, पण पुरेसा. यंत्राला जिथे न्यायालय दिसलं होतं तिथे तो छाटणी म्हणत होता, दोन्हींना शब्द एकच. तो म्हणत होता, हे झाड थंडीनं जळलं आहे, म्हणून इतकं कापतोय. चांगल्या झाडाला हे चुकूनही करू नका. माझ्या मेव्हण्यानं गेल्या साली धडधाकट झाडांना असं केलं, तेव्हापासून आम्ही त्याला जेवायला बोलावत नाही. इथे कुत्रा भुंकतो.

मी बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "साडभाऊले तू सांगू नको. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी मावसांचा फोन. आवाज खूश. "तुह्या बापाचा फोन होता. तो स्पेनवाला म्हणते म्हणे, का त्याच्या घरच्या लोकाइनं बी अशीच छाटणी केली. म्हणजे आपलं बरोबर होतं."

बाबांनी एकही शब्द खोटा सांगितला नव्हता, हे त्यातलं कौशल्य. मी म्हणालो, "मावसा, थांबा. मी सांगतो, त्याच्याच शब्दात." आणि पहिल्यापासून सांगितलं. थंडी, जळलेलं झाड, चुकूनही करू नका, मेव्हणा, जेवण. काही गाळलं नाही, कुत्राही सांगितला.

पलीकडे हायवेवरचा एक हॉर्न ऐकू आला. मावसांनी तो नागपूरकडून की अमरावतीकडून, हे सांगितलं नाही.

"मंग त्या मेव्हण्याले पुढं बोलावलं का जेवाले?" त्यांनी विचारलं.

"व्हिडिओत तेवढं नाई, मावसा."

"तुह्या बापानं सांगितलं असतं, बोलावलं म्हणून."

"हो. त्यांनी सांगितलं असतं."

"संत्रा तोडणीले आला आहे," मावसा म्हणाले. "सुट्टी लागली का येजो. त्या दोन झाडाइले बी यंदा थोडा लागला आहे. पाच-सहा फळं असतीन. तुह्यासाठी ठेवतो, बाकीचे कोणी खात नाई."